मलंगगड : दर्ग्याच्या वरचा किल्ला

कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने अंबरनाथ सोडले, की उजव्या हाताला डोंगरांची एक रांग दिसू लागते. तिच्यातला एक डोंगर बाकीच्यांशी फटकून असतो. खाली झाडीने झाकलेला रुंद पायथा, त्यावर एक पसरट माची, तिच्यावर दुसरी अरुंद माची आणि सगळ्यांत वर नुसता उभा, काळा, उघडा कातळ. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतली माणसे रोज सकाळ-संध्याकाळ हा डोंगर पाहतात. नाव विचारले तर कुणी हाजीमलंग म्हणते, कुणी श्रीमलंग. जुन्या पिढीतला माणूस असेल तर बावामलंग. मलंगगड म्हणणारा बहुधा पाठीवर दोर घेतलेला ट्रेकर निघतो. इंग्रजांनी तर या सुळक्याला कॅथीड्रल रॉक म्हणून टाकले आणि मोकळे झाले.

म्हणजे या डोंगरावर पीर आहे, नाथ आहे, यात्रा आहे, कज्जा आहे. किल्ला मात्र कुणाच्या बोलण्यात नाही. या पुस्तकाचा विषय तो किल्ला आहे.

डोंगरावरचा मध्ययुगीन राजवाडा-किल्ला म्हटले, की जगाच्या डोळ्यांपुढे स्पेनमधला ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा उभा राहतो. मूर सुलतानांची ती तांबूस तटबंदी, सिंहांचा चौक, छतांवरची नक्षी आपणही कॅलेंडरांवर पाहिलेली असते. मलंगगडाच्या प्रस्तावनेत अल्हाम्ब्रा कशाला, असे वाचकाला वाटेल. थाटाच्या बाबतीत दोघांची तुलना हास्यास्पदच आहे. आमच्या गडावर सिंहांचा चौक नाही आणि नक्षीचे छतही नाही. पण डोंगरी किल्ला वाचावा कसा, हे मला अल्हाम्ब्राच्या अभ्यासकांकडून शिकता आले. नसरी घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद १२३८ साली ग्रॅनडात आला. त्याने त्या टेकडीवर हात घातला तो आधीच्या लष्करी गढीला आणि दारो नदीपासून टेकडीवर पाणी चढवणाऱ्या पाटाला. आज पर्यटक ज्यासाठी जातात ते महाल पुढच्या शतकातले, पहिला युसुफ आणि पाचवा मुहम्मद यांच्या काळातले. आधी तट, मग पाणी, मग महाल. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा पडले, पुढे तिथे ख्रिस्ती राजांनी आपला महाल उठवला, १८१२ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंचांनी काही बुरूज सुरुंगाने उडवले. १८३२ मध्ये वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाचे अल्हाम्ब्राच्या कथांचे पुस्तक आले आणि साऱ्या युरोपला त्या पडक्या वास्तूचे वेड लागले. गाडलेली संपत्ती, मंतरलेले शिपाई, प्रेमात पडलेल्या राजकन्या. १९२३ मध्ये तोरेस बाल्बास या वास्तुतज्ज्ञाकडे काम आले, तेव्हा त्याला या कथांच्या गर्दीतून मूळची भिंत कुठली आणि नंतरची कुठली, हे दगड-विटा पाहून ठरवावे लागले.

मलंगगडावरही राजकन्या आहे. कथांची गर्दी आहे. भिंती पाहणारा तेवढा कमी आहे.

भूगोलापासून सुरुवात करू. मलंगगड, चंदेरी, नवरा-नवरी, पेब आणि पुढे माथेरान अशी ही सलग रांग आहे. तिच्या एका अंगाला कल्याणची खाडी आणि उल्हास नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला पनवेलचा मुलूख. जुन्या काळात घाटावरचा माल नाणेघाटाने आणि बोरघाटाने उतरून ज्या बंदरांकडे जाई, ती दोन्ही दिशांची बंदरे या एका माथ्यावरून नजरेच्या टप्प्यात येतात. पहाऱ्याला याहून चांगली जागा या भागात शोधून सापडणार नाही.

गडाच्या जन्माची कथा नलराजापाशी जाते. इतिहासाला बोट धरायला मात्र पायथ्याजवळच एक पक्की खूण आहे. अंबरनाथचे शिवमंदिर. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. ठाणे, अर्थात श्रीस्थानक, ही शिलाहारांची राजधानी. असे भूमिज शैलीतले दगडी देऊळ जिथे उभे राहते तिथे पाथरवट असतात, खाणी असतात, सुतारलोहार असतात आणि त्या सगळ्यांना पोसणारी सत्ता असते. मलंगगड ज्या मुलखावर नजर ठेवतो तो त्या काळी असा नांदता होता. १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला आणि शिलाहारांचे राज्य बुडाले. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर गलबतांच्या रांगा कोरलेल्या आहेत. त्या याच लढाईच्या, असे बरेच अभ्यासक मानतात.

याच शिलाहारांच्या कोकणात अरब मुसलमान शतकानुशतके राहत होते, आणि ही गोष्ट मला या पुस्तकासाठी फार महत्त्वाची वाटते. बगदादचा प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६ च्या आसपास चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, राजाने त्यांच्यातलाच एक मुखिया त्यांचे तंटे सोडवायला नेमला आहे, असे त्याने लिहून ठेवले. राजाचे नाव त्याने दिले, ते शिलाहार झंझाचे. त्याहून नवलाची गोष्ट डहाणूजवळच्या चिंचणीच्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६. राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी तिथे ताजिक, म्हणजे अरब आहे. त्याचे नाव कोरणाऱ्याने 'मधुमती' असे लिहिले. मुहम्मदचे ते संस्कृत रूप. हा मधुमती नदीवर नावा ठेवतो, अन्नछत्र चालवतो आणि देवीच्या मठाला जमीन द्यायला संमती देतो. मलंगगडाच्या माचीवर येमेनातून आलेला एक फकीर राहिला आणि इथल्या राजाने त्याला मान दिला, ही परंपरा ऐकून ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी हा ताम्रपट आठवावा. असे माणूस येणे आणि असे त्याला ठेवून घेणे, दोन्ही इथल्या किनाऱ्याच्या अंगवळणी पडलेले होते.

परंपरा अशी. हाजी अब्दुल रहमान नावाचा साधुपुरुष आपल्या शिष्यांसह आला आणि खालच्या माचीवर राहिला. नलराजाने त्याची परीक्षा पाहण्यासाठी आपल्या मुलीला पाठवले. तो परीक्षेला उतरला. आज माचीवर त्याच्या कबरीशेजारी जी दुसरी कबर आहे ती त्या राजकन्येची मानतात. नाथपंथीयांची परंपरा वेगळी. त्यांच्या मते ही समाधी नवनाथांपैकी मच्छिंद्रनाथांची. या दोन परंपरांत निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही आणि हौसही नाही. माझी तक्रार एवढीच, की गेली चाळीसेक वर्षे मलंगाबद्दल जे काही छापले गेले त्यातले बहुतेक या एकाच प्रश्नाभोवती फिरते. डोंगराला तीन टप्पे आहेत. वाद सगळ्यांत खालच्या टप्प्यावर आहे. वरचे दोन टप्पे कुणी मागतही नाही.

या टप्प्यांची रचना समजून घेतली तर पुढची लढाई समजते. खालची पीरमाची. दर्गा, दुकाने, घरे, लॉज, सगळी वर्दळ इथे. पायऱ्यांची वाट इथवर येते. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीवाले खांद्यावरून आणतात. पायथ्यापासून इथपर्यंत फ्युनिक्युलर रेल्वे नेण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पीरमाचीच्या मागून दर्ग्याचा गोंगाट सोडून चढू लागले, की सोनेमाची. ही अरुंद आहे, इथे तटबुरुजांचे अवशेष दिसतात. आणि त्यावर बालेकिल्ला. तिथे जाणाऱ्या पायऱ्या कातळाच्या उभ्या अंगात खोदलेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच तुटल्या आहेत. वाटेत एका ठिकाणी कडाच तुटलेला आहे आणि मधल्या खिंडारावर एक लोखंडी पाइप आडवा टाकलेला असे. त्या पाइपावरून पलीकडे जाणे हा ट्रेकर मंडळींचा मानाचा विषय. वर पाण्याची खोदीव टाकी आणि एका वाड्याच्या उभ्या भिंती आहेत.

त्या वाड्याला राजवाडा म्हणण्याची पद्धत आहे. म्हणावे. पण जाऊन पाहिले तर कळते, की त्या माथ्यावर ऐसपैस काही बांधायला जागाच नाही. ही रसद सांभाळणाऱ्या, वेळप्रसंगी महिनोन्महिने कोंडून घेणाऱ्या माणसांची जागा आहे. मला वाड्यापेक्षा टाकी बोलकी वाटतात. टाक्याच्या आतल्या भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव अजून ओळीने दिसतात. घाव जिथे दिशा बदलतात तिथे एक पाथरवट थांबला आणि दुसरा लागला असावा. एवढ्या अवघड जागी, चारी बाजूंनी कडा, खाली पाहवत नाही, आणि ही माणसे बेसाल्टसारख्या दगडात मापात चौकोन खोदत बसली होती. खोदून निघालेला दगड वाया गेला नसणार, तोच भिंतीला लागला असणार. अल्हाम्ब्राच्या सुलतानाने नदीचे पाणी वर आणले. आमच्याकडे वर नदी चढवणे शक्य नव्हते, पण वर्षाला चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते, तेव्हा ते पाणी पडेल तिथेच अडवायचे हा हिशेब. सह्याद्रीतला प्रत्येक गड याच हिशेबावर जगला.

आता १७८०. इंग्रज-मराठे पहिल्या युद्धाचा काळ. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांची नाचक्की झाली. त्यानंतर मुंबईकर इंग्रजांना हवा होता तो घाटाखालचा सुपीक पट्टा, कारण मुंबई बेट आणि तिथली फौज स्वतःच्या धान्यावर जगू शकत नव्हती. १७८० च्या उन्हाळ्यात त्यांनी कल्याण घेतले. कल्याण घेतले, पण डोक्यावर मलंगगड मराठ्यांचाच. गडावरून उतरायचे, खालच्या मुलखात धामधूम करायची आणि पुन्हा वर जायचे, हे चालू राहिले तर कल्याण हाती असून नसल्यासारखे.

म्हणून कॅप्टन अ‍ॅबिंग्टन पावसाळ्यात गडावर चालून गेला. अचानक हल्ला करायचा त्याचा बेत होता. पीरमाची पडली. पण शिबंदी शरण आली नाही. वरच्या टप्प्यावर सरकली. इथे गडाच्या रचनेने आपले काम केले. खालची माची घेतली म्हणजे गड घेतला असे होत नाही. अशा कातळावर शिडी लावायला पायाखाली जागा लागते आणि तोफ चढवायला वाट लागते. वरच्यांना दगड लोटले तरी पुरते. उरला उपासमारीचा मार्ग. अ‍ॅबिंग्टन वेढा घालून बसला. श्रावण-भाद्रपदात मलंगाच्या माचीवर तंबू ठोकून बसणे म्हणजे काय, हे ज्याने या भागातला पाऊस पाहिला आहे त्यालाच कळेल. धुके उतरले की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. वरच्यांची टाकी मात्र रोज आपोआप भरत होती.

मग गंमत झाली. पाऊस ओसरू लागला तशी पुण्याहून नाना फडणिसांनी कोकणात फौजा उतरवल्या आणि वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. वर मराठे, खाली मराठे, मध्ये अ‍ॅबिंग्टन. त्याला सोडवायला कर्नल हार्टलीला ऑक्टोबरच्या सुरुवातीला कूच करावे लागले. अ‍ॅबिंग्टन सुटला. बालेकिल्ला त्याला मिळाला नाही. वर्षअखेरीस वसई इंग्रजांकडे गेली, आणि त्याच सुमारास दुगाडजवळच्या लढाईत रामचंद्र गणेश हे मराठ्यांचे सेनापती पडले. तिथेही धुकेच. दाट धुक्याचा फायदा घेऊन त्यांनी हल्ला चढवला आणि ते ऐन वेळी विरले. युद्धाचा मोठा निकाल १७८२ च्या सालबाईच्या तहात लागला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली.

शाळेच्या इतिहासात वडगाव असते, सालबाई असते. मलंगगडाचा वेढा नसतो. साहजिक आहे, त्याने युद्धाचे पारडे फिरले नाही. पण डोंगरी किल्ला म्हणजे नेमके काय यंत्र असते, ते कसे चालते, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. म्हणून या पुस्तकात त्या काही महिन्यांना सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे. काही वाचकांना ते लांबलेले वाटेल.

या वेढ्याचा दुसरा परिणाम लष्करी नव्हता. इंग्रज हटले ते मलंगबाबांच्या कृपेने, अशी लोकांची भावना झाली. पेशव्यांच्या वतीने कल्याणचे काशिनाथपंत केतकर कृतज्ञतेची भेट घेऊन वर गेले. जरीची, मोत्यांची झालर लावलेली चादर, तिला चांदीचे खांब. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने ही हकीकत नोंदवली आहे. काशिनाथपंतांनी पुढे दर्ग्याची डागडुजी काढली तेव्हा दगड आपोआप घडून येत, अशीही आख्यायिका आहे. तेव्हापासून एका ब्राह्मण घराण्याकडे पिराची वहिवाट. जून १८१७ च्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले आणि त्याच वर्षी कल्याणच्या मुसलमानांनी या वहिवाटीला हरकत घेतली. कलेक्टरने काय करावे? त्याने चिठ्ठ्या टाकायला लावल्या. बाबांची मर्जी काय ते बाबाच सांगतील. तीनदा चिठ्ठी टाकली, तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूने निघाली. कंपनी सरकारच्या कागदोपत्री कारभारात असा निवाडा विरळा. पुढे स्वातंत्र्यानंतर या घराण्याचा एक वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५४ च्या अहवालात छापलेल्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले, की हे स्थान हिंदू किंवा मुस्लिम वैयक्तिक कायद्याच्या चौकटीत बसणारे नाही. त्याला त्याची स्वतःची रूढी किंवा न्यासांचा सर्वसाधारण कायदा लागू होईल. वकिली भाषेतले हे वाक्य मला या डोंगराचे सर्वांत नेमके वर्णन वाटते.

१९८० च्या दशकात शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांनी मलंगमुक्तीचे आंदोलन सुरू केले. माघी पौर्णिमेच्या यात्रेला तेव्हापासून पोलीस बंदोबस्ताची छाया आली, ती आजतागायत. निवडणुका जवळ आल्या की मलंग बातम्यांत येतो. मी या काळावर एकच लहान प्रकरण लिहिले आहे. त्यावर वर्तमानपत्रांच्या कात्रणांची पोती भरतील, सोनेमाचीच्या बुरुजांवर मात्र कुणी चार पाने लिहीत नाही.

गडाखालची तीन शहरे या पुस्तकात सारखी डोकावतात, त्याचेही कारण सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात गडाच्या पायथ्याकडे नेवाळीला ब्रिटिशांनी विमानांसाठी धावपट्टी केली. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्या जमिनींवरून जून २०१७ मध्ये नेवाळीच्या रस्त्यावर भडका उडाला. शेजारच्या लष्करी छावणीच्या बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांना उतरवले, आणि १९४९ मध्ये त्या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. सिंधमधून सारे गमावून आलेल्या या माणसांना पीर आणि दर्गा परके नव्हते. देवळाइतकीच ती त्यांच्या घरातली गोष्ट होती. छावणीतून रोज समोर दिसणारा डोंगर त्यांनी लवकर आपला केला. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना आला, दारूगोळ्याच्या खात्याचे कारखाने आले, एमआयडीसी आली. बदलापूर कालपरवापर्यंत गाव होते. खाडीवर आणि मुलखावर नजर ठेवायला बांधलेला गड आता टॉवरांच्या बाल्कन्यांतून दिसतो, आणि जाहिरातींत 'हिल व्ह्यू' म्हणून त्याचे चौरस फुटाला पैसे लागतात.

साधनांबद्दल थोडे. मराठी बखरींत आणि पत्रांत गडाचे उल्लेख त्रोटक आहेत. इंग्रजी बाजूने वेढ्याची हकीकत ग्रँट डफने दिली आहे, आणि १८१८ मध्ये कॅप्टन डिकिन्सन याने ठाणे जिल्ह्यातले किल्ले पाहून अहवाल केला. इंग्रजांचे किल्ल्यांविषयीचे लिखाण वाचताना एक सावधगिरी ठेवली: जो किल्ला त्यांना घेता आला नाही तो त्यांच्या लेखी निसर्गानेच अभेद्य असतो, आणि जो घेता आला तो त्यांच्या शौर्याने. टाके खोदणारा पाथरवट या दोन्हींत कुठे नसतो. मी शक्य तिथे दगडाला आधी विचारले आणि कागदाला नंतर. पायथ्याच्या आगरी आणि ठाकूर वाड्यांतल्या वयस्कर मंडळींनी वाटा, पाण्याच्या जागा आणि टेपाडांची नावे सांगितली. नकाशात ती त्यांनी सांगितली तशीच घातली आहेत, शुद्ध करून नाहीत.

गड पाहायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पीरमाचीपर्यंत कुणीही जाऊ शकते. कल्याणहून मलंग रोडने बस जाते. सोनेमाचीला सोबत वाट माहीत असलेला माणूस घ्यावा. बालेकिल्ल्यावर दोर, सुरक्षिततेचे सामान आणि अनुभवी गटाशिवाय जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच जाऊ नये. त्या पाइपाचे फोटो पाहून उत्साह येतो हे खरे. ज्यांना वर जाता येणार नाही त्यांच्यासाठी तिसऱ्या प्रकरणाला बालेकिल्ल्याचा आराखडा टाक्यांसह जोडला आहे.